प्रपोजलना उत्तर का येत नाही, आणि त्यावर काय करता येतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या कंपनीत चार वर्षं लाराव्हेल आणि रिअ‍ॅक्ट या वेबसाइट बनवायच्या साधनांवर काम केलंत, मग घरच्या कारणाने नोकरी सोडून सांगलीला परत आलात. पाच महिने अपवर्क, फायवर आणि फ्रीलान्सर डॉट कॉम या फ्रीलान्स काम मिळवून देणाऱ्या साइटवर जवळजवळ रोज प्रपोजल, म्हणजे कामासाठीचे अर्ज, पाठवताय. दोन ठिकाणी बोलणी झाली, ५० डॉलरचं एक काम मिळालं, आणि त्यातही क्लायंटने ठरल्यापेक्षा बरंच जास्त करून घेतलं. घरचे विचारतायत, पुन्हा नोकरी का धरत नाहीस. आणि तुम्ही विचारताय: माझ्यातच काही कमी आहे, की हे प्लॅटफॉर्मच फसवे आहेत?

दोन्ही नाही. मी बरीच वर्षं याच वाटेने काम मिळवत आलोय, आणि क्लायंटच्या वतीने डेव्हलपर निवडायलाही अनेकदा बसलोय. त्या बाजूला बसल्यावर काय दिसतं ते आधी सांगतो, कारण तुमची निम्मी निराशा तिथेच उलगडते.

क्लायंट जॉब टाकतो. जरा बरा जॉब असेल, म्हणजे बजेट ठीक, पेमेंट व्हेरिफाइड, मागणी नीट लिहिलेली, तर तासाभरात डझनांनी प्रपोजल येऊन पडतात. त्याला समोर एक यादी दिसते: फोटो, नाव, देश, तासाचा दर, स्कोअर, आणि प्रपोजलच्या पहिल्या दोनेक ओळी. त्या ओळी बहुतेकांच्या सारख्याच असतात. ‘तुमची गरज मी काळजीपूर्वक वाचली आहे, मला या क्षेत्रात इतक्या वर्षांचा अनुभव आहे, मी लगेच सुरुवात करू शकतो.’ नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून या मजकुराची इंग्रजी सुधारली आणि लांबी वाढली, पण सारखेपणाही वाढला. काही क्लायंट म्हणून पोस्टच्या शेवटी एक अट घालतात, ‘उत्तराचा पहिला शब्द मँगो असा लिहा’, आणि ज्यांनी तो लिहिला नाही त्यांची प्रपोजल उघडतही नाहीत. एवढं करूनही माणूस आठ-दहा प्रपोजल उघडतो, तीन-चार जणांशी बोलतो आणि एकाला काम देतो. बाकीची तशीच पडून राहतात.

म्हणजे तुम्हाला जी शांतता जाणवते, तिच्यातली बरीचशी ‘वाचून नाकारलं’ अशी नाही. ती ‘वाचलंच नाही’ अशी आहे. तुमच्या कोडवर, तुमच्या चार वर्षांवर कुणी निकाल दिलेला नाही. हे मी धीर द्यायला सांगत नाही. उपाय शोधायचा तर तो योग्य जागी शोधावा लागेल म्हणून सांगतोय. तुम्ही लिहिलंय की आता एक डेव्हऑप्सचा कोर्स आणि एक नेक्स्ट जेएसचा कोर्स लावणार आहात. जे प्रपोजल उघडलंच जात नाही, त्यात आणखी दोन कौशल्यांची नावं घालून काही होणार नाही. ते पैसे राखून ठेवा.

आता स्पर्धा कुणाशी आहे तेही समजून घ्या. तुम्हाला वाटतं की आपल्यासारखाच एकटा बसलेला दुसरा डेव्हलपर समोर आहे. प्रत्यक्षात पुणे, इंदूर, अहमदाबाद, मोहाली इथल्या छोट्या-मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत ‘बिडर’ म्हणून माणसं नेमलेली असतात, कागदावर बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह. अमेरिकेच्या दिवसाप्रमाणे रात्रपाळी, महिन्याचं टार्गेट, तयार मजकुराचा साठा. नवा जॉब पडला की पाच मिनिटांत प्रपोजल जातं. ते कोड लिहीत नाहीत, त्यांचा पूर्ण दिवस प्रपोजल लिहिण्यातच जातो. तुम्ही काम सांभाळून, जेवून, रात्री दहाला बसून त्यांच्याशी वेगाच्या आणि संख्येच्या जोरावर लढताय. त्या लढाईत एकटा माणूस हरणारच.

तिसरी गोष्ट पैशांची, आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. या बाजारात काम शोधण्याचा खर्च हळूहळू पूर्ण डेव्हलपरवर आला आहे. ईलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा डिसेंबर २०१३ मध्ये झाली आणि २०१५ मध्ये त्यांचं नाव अपवर्क झालं. ओडेस्कच्या काळात कमिशन सरसकट १० टक्के होतं. २०१६ मध्ये ते बदललं: एका क्लायंटकडून मिळणाऱ्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, पुढे १०,००० डॉलरपर्यंत १० टक्के आणि त्यावर ५ टक्के. याचा मार नेमका छोट्या कामांनी सुरुवात करणाऱ्यांवर पडला. २०२३ मध्ये पुन्हा सरसकट १० टक्के झालं आणि मे २०२५ पासून नव्या करारांवर ० ते १५ टक्क्यांच्या मधला जॉबगणिक ठरणारा दर आला. प्रपोजल पाठवायला लागणारे कनेक्ट्स, म्हणजे एक प्रकारची टोकन, पूर्वी महिन्याला भरपूर फुकट मिळत. २०१९ पासून ते विकत घ्यावे लागतात, एकाला १५ सेंट. त्यात ‘बूस्ट’ आलं, म्हणजे जास्त कनेक्ट्सची बोली लावून यादीत वर बसायचं.

याचा हिशोब करून बघा. समजा एका प्रपोजलला १६ कनेक्ट्स लागतात, म्हणजे २.४० डॉलर. पंचवीस प्रपोजलमागे एक काम मिळतं असं धरलं, तर काम हातात यायच्या आधी ६० डॉलर गेले. काम ३०० डॉलरचं आहे. १० टक्के कमिशनचे ३० गेले. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५ डॉलर ४० सेंट. उरले २०४.६०. आता वेळ बघा. प्रत्येक प्रपोजलला अर्धा तास धरला तर साडेबारा तास झाले, आणि काम करायला ३० तास. साडेबेचाळीस तासांचे दोनशे चार डॉलर, म्हणजे तासाला पाच डॉलरही पडत नाहीत. यात पैसे बँकेत आणण्याचा खर्च धरलेला नाही. प्रोफाइलवर २० डॉलरचा दर लिहिलेला असतो, म्हणून हे माणसाच्या लक्षात येत नाही. तुमचे पाच महिन्यांचे खरे आकडे घेऊन असा कागद एकदा मांडाच.

मग रिव्ह्यूंची अडचण. तुमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो तेव्हा व्यापारी पोत्यातलं हळकुंड हातात घेतो, मोडून आतला रंग बघतो आणि मग भाव बोलतो. इथे क्लायंटला तुमचा माल हातात घेताच येत नाही. त्याला कोड वाचता येत नाही, म्हणूनच तर तो डेव्हलपर शोधतोय. मग तो आधीच्या माणसांनी काय लिहिलं तेच बघतो. अपवर्कवर जॉब सक्सेस स्कोअर काही करार पूर्ण झाल्याशिवाय दिसत नाही, आणि तो नुसत्या उघड ताऱ्यांवर ठरत नाही. क्लायंटने गुपचूप दिलेलं खासगी मतही त्यात धरलं जातं, जे तुम्हाला कधीच दिसत नाही. म्हणजे वर पाच तारे आणि आत वेगळंच, असं होऊ शकतं. पहिल्या दोन-तीन कामांचं वजन फार मोठं असतं. म्हणूनच ‘रिव्ह्यू मिळेल, कमी पैशात कर’ म्हणणारे क्लायंट नवख्यांनाच गाठतात. तुमच्या ५० डॉलरच्या कामात तेच झालं.

इथवर तक्रार झाली. आता काय करायचं.

पहिलं म्हणजे प्रपोजल लिहिण्याआधी क्लायंट वाचायला शिका. जॉबच्या वर्णनापेक्षा उजवीकडची ती छोटी पट्टी जास्त बोलते. आतापर्यंत किती खर्च केला, किती जॉब टाकले आणि त्यातल्या किती जॉबना माणूस घेतला, तासाला सरासरी किती दिले, जॉबचं पान त्याने शेवटचं कधी उघडलं, किती जणांशी बोलणी सुरू आहेत. दहा जॉब टाकून दोनदाच माणूस घेणारा क्लायंट तुमचे कनेक्ट्स खाणार. तासाला सरासरी ६ डॉलर दिलेला माणूस तुमच्यासाठी २० करणार नाही, कितीही छान लिहा. जॉब टाकून चार दिवस झालेत, पाच जणांशी बोलणी सुरू आहेत आणि ५० च्या वर प्रपोजल आलीत, तर तिथे तुमची जागा नाही. मात्र खर्चाच्या रकान्यात शून्य दिसलं म्हणून लगेच सोडूही नका. नवा क्लायंट असेल, पण त्याने अडचण नेमकी लिहिली असेल, तर तो बऱ्याचदा चांगला निघतो. त्याला अजून बिडरांचा कंटाळा आलेला नसतो आणि तो प्रपोजल खरंच वाचतो.

वर्णनात मी एकच गोष्ट शोधतो: माणसाला कुठेतरी दुखतंय का. ‘एअरबीएनबीसारखं ॲप हवं, बजेट २०० डॉलर, योग्य माणसाला पुढे भरपूर काम’ यात काहीच दुखत नाही, नुसतं स्वप्न आहे. आता याच्याशी तुलना करा: ‘आमचं वूकॉमर्सचं ऑनलाइन दुकान आहे, कार्डाचे पैसे स्ट्राइपवरून घेतो. इंग्लंडमधल्या ग्राहकांच्या कार्डातून पैसे जातात, पण ऑर्डर पेंडिंग पेमेंटवर अडकते. गेल्या आठवड्यापासून सुरू झालं.’ या माणसाचं रोज नुकसान होतंय. तो आज रात्री कुणालातरी घेणार.

अशा जॉबला काय लिहायचं? तुमचा अनुभव नाही, तुमचं नाव नाही, ‘डिअर हायरिंग मॅनेजर’ तर नाहीच. पहिल्या ओळीत अडचणीचं निदान. साधारण असं: ‘पैसे कापले जातायत पण ऑर्डर पेंडिंग राहतेय, म्हणजे स्ट्राइपचा वेबहुक, पैसे मिळाल्याचा निरोप, तुमच्या साइटपर्यंत पोचत नसावा. स्ट्राइपच्या डॅशबोर्डवर वेबहुकच्या नोंदीत ४०३, म्हणजे प्रवेश नाकारल्याचा कोड, दिसतंय का बघा. दिसत असेल तर एखादं सिक्युरिटी प्लगइन किंवा फायरवॉल ती विनंती अडवतंय, आणि मागच्या आठवड्यात काय अपडेट झालं ते मला आधी तपासावं लागेल.’ मग दोन ओळींत तुम्ही काय कराल, किती वेळ लागेल, किती घ्याल. शेवटी एक प्रश्न, ज्याचं उत्तर त्याला सहज देता येईल. झालं. लोक मला विचारतात, निदान फुकट सांगितलं तर तो स्वतःच करून घेईल ना? काही जण घेतात. बहुतेक घेत नाहीत, कारण त्यांना ४०३ दिसला तरी पुढे काय करायचं ते कळत नाही. आणि ‘या माणसाला माझी अडचण समजली’ हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने त्या यादीत दाखवता येत नाही.

असं प्रपोजल लिहायला तास लागतो. म्हणजे आठवड्याला पाच-सहाच होतील. होऊ द्या.

दुसरं, आणि तुमच्या बाबतीत हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या प्रोफाइलचं शीर्षक ‘फुल स्टॅक डेव्हलपर, लाराव्हेल, रिअ‍ॅक्ट, नोड’ असं आहे. हे शीर्षक असलेली माणसं इतकी आहेत की त्यात तुम्ही सापडणं नशिबाची गोष्ट आहे. पण तुमच्या प्रश्नात खाली एक वाक्य होतं, जे तुम्ही सहज लिहून गेलात: ‘इकडे ओळखीतल्या एका हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्याला लाराव्हेलमध्ये स्टॉक आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर करून दिलं, बिलं आपोआप टॅलीत जातात, पण ते काही पोर्टफोलिओत टाकण्यासारखं नाही.’

तेच टाकण्यासारखं आहे. टॅलीला पोर्ट ९००० वर एक्सएमएल पाठवून व्हाउचर तयार करायचं, लेजर नसेल तर आधी ते बनवायचं, टॅली बंद असताना आलेली बिलं रांगेत धरून ठेवायची, तेच बिल दोनदा जाणार नाही याची काळजी घ्यायची. हे ज्याने प्रत्यक्ष व्यापाऱ्याच्या गादीवर बसून केलंय, त्याला त्यातल्या खाचाखोचा माहीत असतात. रिअ‍ॅक्टचा कोर्स केलेल्याला त्या माहीत नसतात. आणि टॅली भारतापुरतं नाही. आखाती देशांत आणि पूर्व आफ्रिकेत ते भरपूर वापरलं जातं. यूएईमध्ये जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आला, तेव्हापासून तिथल्या छोट्या दुकानांनाही हिशोब संगणकावर नीट ठेवणं भाग पडलं. त्यांची विक्री शॉपिफायवर किंवा वूकॉमर्सवर, हिशोब टॅलीत, आणि मध्ये एक माणूस बसून रोज हाताने नोंदी करतोय, हे चित्र आजही सर्रास आहे. दुबई आपल्यापेक्षा दीडच तास मागे आहे, म्हणजे तुम्हाला रात्र जागवायलाही लागणार नाही. अमेरिकेच्या क्लायंटसाठी न्यूयॉर्कची सकाळ दहाची वेळ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ.

तेव्हा शीर्षक बदला: ‘ऑनलाइन दुकानाच्या ऑर्डर थेट टॅलीत, लाराव्हेल डेव्हलपर’ अशा अर्थाचं काहीतरी. जॉब कमी दिसतील, हे खरं आहे. महिन्याला मोजकेच दिसतील. पण तिथे आलेल्या प्रपोजलांत टॅलीच्या व्हाउचरबद्दल बोलू शकणारी माणसं दोन-तीनच असतील आणि त्यात तुम्ही असाल. फायवरवर तर हे आणखी उपयोगी, कारण तिथे तुम्ही क्लायंटच्या मागे जात नाही, तो शोध घेऊन तुमच्या गिगवर, म्हणजे तुम्ही मांडलेल्या सेवेच्या पानावर, येतो. फायवर सरसकट २० टक्के कापतं आणि ऑर्डर पूर्ण झाल्यावर पैसे मोकळे व्हायला साधारण १४ दिवस लागतात, हे दर ठरवताना धरा.

काम मिळाल्यावर स्वतःला सांभाळायचं कसं, ते आता. ठरावीक रकमेचं काम असेल तर माइलस्टोन, म्हणजे पैशांचे टप्पे, छोटे पाडा आणि एस्क्रोमध्ये, म्हणजे प्लॅटफॉर्मकडे राखून ठेवलेल्या रकमेत, पैसे जमा झालेले दिसल्याशिवाय एडिटर उघडू नका. अपवर्कवर काम सादर केल्यावर क्लायंट काहीच बोलला नाही तर १४ दिवसांनी पैसे आपोआप सुटतात. पण त्यासाठी काम प्लॅटफॉर्मवरच्या ‘सबमिट’ बटनाने सादर केलेलं असावं लागतं, चॅटमध्ये झिप पाठवून नाही. तासाच्या कामात ट्रॅकर चालू ठेवा. तो दर दहा मिनिटांच्या पट्टीत एक स्क्रीनशॉट घेतो आणि पुष्कळांना तो अपमानास्पद वाटतो. मलाही आवडत नाही. तरी अनोळखी क्लायंटबरोबर तो लावाच, कारण हाताने भरलेल्या तासांना पेमेंट प्रोटेक्शन नाही. फ्रीलान्सर डॉट कॉमवर एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा: तिथे ठरावीक रकमेच्या कामाचं १० टक्के किंवा ५ डॉलर, जे जास्त असेल ते, तुम्ही प्रोजेक्ट स्वीकारताच कापलं जातं, क्लायंटने पैसे दिले असोत वा नसोत. म्हणून माइलस्टोन कधी भरणार हे आधी लेखी विचारून घ्या.

क्लायंट काम वाढवत नेतो तेव्हा भांडू नका आणि मुकाट करूही नका. ‘हे करता येईल, ठरलेल्या यादीत नव्हतं, यासाठी नवा माइलस्टोन ४० डॉलरचा टाका, मी उद्या सुरू करतो.’ एवढंच, प्रत्येक वेळी, लेखी. जो कमी तारे देण्याची धमकी देतो, तो धमकी देताना सहसा प्लॅटफॉर्मच्याच चॅटमध्ये देतो. तो मजकूर जपून ठेवा आणि तक्रार करा. फीडबॅक दाखवून जास्तीचं काम काढणं नियमाबाहेर आहे.

फसवणुकीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण निराश माणूस इथे सापडतो. टेलिग्रामवर या, व्हॉट्सॲपवर या, आधी डिपॉझिट भरा, हे तुम्हाला ओळखता येतं. नवा प्रकार डेव्हलपरसाठीच बेतलेला आहे. बोलणी छान होतात, दर चांगला सांगतात, मग म्हणतात, छोटी चाचणी आहे, ही गिटहब रेपो (कोडची फाइलपेटी) घ्या, चालवून बघा, त्यातला एक बग दुरुस्त करा. तुम्ही एनपीएम इन्स्टॉल करता, म्हणजे त्याला लागणारी पॅकेजेस उतरवून घेता, किंवा प्रोजेक्ट सुरू करता, आणि तेवढ्यात मागे लपवलेला कोड ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट उचलून नेतो. ही गोष्ट ऐकीव नाही. पालो ऑल्टो नेटवर्क्सच्या युनिट ४२ या संशोधन गटाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘कंटेजियस इंटरव्ह्यू’ या नावाने ही मोहीम उघड केली आणि तिचा माग उत्तर कोरियापर्यंत लावला. अनोळखी रेपो कधीही रोजच्या मशीनवर चालवू नका. आधी पॅकेज डॉट जेसनमधल्या स्क्रिप्ट वाचा, एखाद्या फाइलमध्ये उजवीकडे लांबवर सरकवलेली अगम्य ओळ आहे का बघा, आणि चालवायचंच असेल तर वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये.

दुसरा सापळा अकाउंट भाड्याने द्यायचा. ‘तुमचं व्हेरिफाइड अकाउंट आम्हाला वापरू द्या, काम आमची माणसं करतील, महिन्याला तुम्हाला ठरावीक रक्कम.’ काम न मिळणाऱ्या मुलांना हा मेसेज हमखास येतो. मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र आणि अर्थ खात्यांनी एफबीआयबरोबर एक इशारा प्रसिद्ध केला होता. उत्तर कोरियाचे आयटी कामगार दुसऱ्यांची ओळख वापरून फ्रीलान्सिंगच्या प्लॅटफॉर्मवर काम मिळवतात, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तुमचं आधार, तुमचं पॅन, तुमचं बँक खातं त्या व्यवहारावर असेल. कितीही गरज असली तरी याला हात लावू नका.

टॉपटलसारख्या ‘निवडक’ जाळ्यांबद्दल विचारलंत. तिथे भाषेची आणि संवादाची चाचणी, मग वेळ लावून अल्गोरिदमची परीक्षा, मग समोरासमोर कोडिंग आणि शेवटी काही आठवड्यांपर्यंत चालू शकणारा चाचणी प्रोजेक्ट असतो. पार पडलात तर दर चांगला मिळतो. पण ती तयारी म्हणजे एका अर्थी नोकरीच्या मुलाखतीचीच तयारी आहे, आणि निवड झाली म्हणजे लगेच काम मिळतंच असं नाही. हातात चार-सहा महिन्यांचा खर्च असेल तरच करा.

पैशांच्या कागदपत्रांचं लवकर आटपतो. प्लॅटफॉर्मवर पॅन भरून ठेवा, नाहीतर टीडीएस जास्त कापला जातो. परदेशातून येणाऱ्या रकमेला बँक पर्पज कोड विचारते. सॉफ्टवेअर सल्ला आणि अंमलबजावणीसाठी तो पी०८०२ आहे. प्रत्येक रकमेचा इनवर्ड रेमिटन्सचा दाखला काढून एका फोल्डरमध्ये ठेवत जा, कर्ज काढताना तोच मागतात. परदेशी क्लायंटचं काम ही सेवांची निर्यात, ती जीएसटीत शून्य दराची. २० लाखांच्या वर उलाढाल गेली की नोंदणी करून एलयूटी हे हमीपत्र भरावं लागतं. प्राप्तिकरात व्यावसायिकांसाठी निम्मी जमा उत्पन्न मानण्याची सोय आहे, ती तुम्हाला कशी लागू होईल ते सांगलीतल्याच एखाद्या सीएकडून पहिल्याच वर्षी समजून घ्या.

आणि प्लॅटफॉर्मच्या बाहेर. अपवर्कवर भेटलेल्या क्लायंटला दोन वर्षं बाहेर नेता येत नाही, फी भरल्याशिवाय. तो नियम पाळा, अकाउंट जाईल. पण ज्यांना तुम्ही तिथे भेटलाच नाहीत, त्यांना कुणी अडवलेलं नाही. माझी टिकाऊ कामं दोन ठिकाणांहून आली. एक म्हणजे परदेशातल्या छोट्या डिझाइन एजन्सी, चार-पाच माणसांच्या, ज्यांच्याकडे काम जास्त झालं की डेव्हलपर कमी पडतो. त्यांना सरळ ईमेल लिहायचं, एकाच कामाचा नमुना जोडून. दुसरं म्हणजे पुण्या-मुंबईतले वर्डकॅम्प, म्हणजे वर्डप्रेसवाल्यांचे मेळावे, आणि छोट्या भेटी, जिथे दुसरे फ्रीलान्सर भेटतात आणि त्यांना न झेपणारं काम तुमच्याकडे सरकवतात. तुमच्यासाठी तिसरं ठिकाण घराजवळ आहे. सांगली, तासगाव, इचलकरंजी, कोल्हापूर इथल्या व्यापाऱ्यांना आणि कारखानदारांना टॅलीशी जोडलेलं काहीतरी हवंच असतं. दर डॉलरचा नसतो आणि पैसे उशिरा येतात, हे खरं. त्यासाठी उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करून घ्या, ती फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि न दिल्यास सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. तक्रारीची वेळ क्वचित येते. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला दिसला की बहुतेक हिशोबनीस स्वतःच तारीख सांभाळतात.

नोकरीबद्दल. घरचे म्हणतायत त्यात तथ्य आहे की नाही, हे मी इतक्या लांबून सांगू शकत नाही. पण नोकरी धरली म्हणजे हे सगळं सोडलं, असं समजू नका. घरून करायची किंवा अर्धवेळ कराराची नोकरी मिळत असेल आणि तिच्या करारात बाहेरचं काम करायला बंदी नसेल, तर खुशाल घ्या. घरभाड्याची चिंता डोक्यावर असताना माणूस २०० डॉलरच्या एअरबीएनबीलाही हो म्हणतो. चिंता नसली की नाही म्हणता येतं, आणि या बाजारात नाही म्हणता येण्यावर तुमचा दर ठरतो. हातात तीन महिन्यांचा खर्च शिल्लक असेल तर वर सांगितलेल्या पद्धतीने तीन महिने करून बघा, आठवड्याला पाच-सहा प्रपोजल, टॅलीचं शीर्षक, आणि बाकी वेळ थेट ईमेल. नसेल तर आधी नोकरी.

या आठवड्यात एकच काम करा. त्या व्यापाऱ्याकडे जा, त्यांची परवानगी घ्या, आणि सॉफ्टवेअरचे तीन स्क्रीनशॉट काढा, नावं आणि रकमा झाकून: तुमच्या बाजूचं बिल, टॅलीत पडलेलं व्हाउचर, आणि टॅली बंद असताना रांगेत थांबलेल्या नोंदी. आधी हाताने किती वेळ जायचा आणि आता किती जातो, हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून घ्या. दीड पानाचा मजकूर होईल. इंग्रजीत लिहून झाला की पाठवा, मी वाचून दुरुस्त्या सांगतो.